अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाला चकवतात कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, भारतात सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो आणि त्याच दुपारपासून माझ्याकडे प्रश्न येऊ लागतात. अमेरिकेत नुकतीच शिकायला गेलेली मुलं विचारतात, तिथे वीस वर्षं राहूनही हा खेळ न कळलेले काका-मावशी विचारतात आणि इथे रात्री जागून सामने बघणारेही विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे नवख्यांसाठी आहेत, पुढचे थोडे अडचणीचे. आधी येऊन गेलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्ले-कॉलर म्हणजे कोण? संघाचा कॅप्टन का?

नाही. हा खेळ सलग चालत नाही. चेंडू मागे दिला जातो, म्हणजे स्नॅप होतो. मग पाच-सात सेकंद धुमश्चक्री होते आणि सगळं थांबतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. या प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. प्रत्येक डाउनआधी अकराही जणांची कामं ठरलेली असतात. त्या आखणीला प्ले म्हणतात, मी इथे चाल म्हणेन. चाल निवडणारा तो प्ले-कॉलर. बहुतेक वेळा तो मुख्य प्रशिक्षक किंवा त्याच्या हाताखालचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक) असतो. कॅन्सस सिटीचे अँडी रीड आणि सॅन फ्रान्सिस्कोचे काइल शॅनहन मुख्य प्रशिक्षक असूनही चाली स्वतः सांगत आले आहेत. बचावासाठी चाली सांगणारा माणूस वेगळा असतो (प्रश्न १२).

२. कडेला उभा असलेला प्रशिक्षक मैदानातल्या खेळाडूला चाल सांगतो कशी? आणि तो तोंडासमोर कागद का धरतो?

क्वार्टरबॅकच्या, म्हणजे स्नॅपनंतर चेंडू घेऊन पास टाकणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो. एनएफएलमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) आधीचा प्रयत्न संपला की साधारण ४० सेकंदांत पुढचा स्नॅप करावा लागतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की स्पीकर आपोआप बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा. स्पीकर असलेल्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो, तो टीव्हीवरही दिसतो.

ही कल्पना जुनी आहे. क्लीव्हलँडचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी १९५६ मध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवून पाहिला होता, पण लीगने लगेच बंदी घातली. ब्राउन त्याआधी आणि नंतरही एकेका गार्डला (चेंडू मागे देणाऱ्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या खेळाडूला) निरोप्या बनवून आत पाठवत. रेडिओला रीतसर परवानगी मिळाली ती १९९४ मध्ये, आणि बचावातल्या एका खेळाडूला २००८ पासून. कॉलेजच्या वरच्या स्तरावर तर हे २०२४ मध्ये आलं. तोवर तिथे हातवारे आणि मोठमोठ्या चित्रांचे फलक दाखवून चाली कळवत.

कागदाचं कारण सरळ आहे. समोरच्या संघाने ओठ वाचू नयेत. त्या कागदावर त्या दिवसाच्या निवडक चाली परिस्थितीनुसार मांडलेल्या असतात: तिसरा डाउन आणि दोन यार्ड हवेत, गोलरेषेजवळ आहोत, आपल्याच टोकाला अडकलोय, अशा.

३. बचावाला चकवायचं म्हणजे अकराही जणांना?

एकाला. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

बचावात प्रत्येकाकडे एक मुख्य काम असतं, पण काहींकडे दोन असतात. मधला लाइनबॅकर घ्या, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा असलेला. चेंडू घेऊन कोणी धावत आलं (रन) तर त्याने पुढे घुसायचं आणि पास असेल तर मागे सरकून जागा अडवायची. पुढे की मागे, हे त्याला अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं. प्ले-कॉलर आधी असा माणूस शोधतो आणि मग अशी चाल देतो की त्याने काहीही केलं तरी ते चूक ठरावं.

लाइनबॅकर अंदाज बांधत नाही, खुणा वाचतो. बहुधा त्याची नजर चेंडूवर नसून समोरच्या गार्डवर असते. गार्ड पुढे ढकलत आला तर रन, उभा राहून मागे सरकला तर पास, बाजूला पळाला तर रन त्या बाजूने. लेगस्पिनरची गुगली ओळखायला फलंदाज मनगट बघतो, तसंच हे. म्हणून चकवायचं असेल तर गार्डलाच खोटं बोलायला लावावं लागतं. ज्या लाइनबॅकरला वाचता येत नाही तो गार्डच्या खोट्याला फसत नाही. तो उगाच कुठेतरी उभा असतो. फसतो तो वाचता येणारा. मला हा या खेळातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

४. प्ले-अ‍ॅक्शन म्हणजे काय? तेच तेच खोटं पाहून लाइनबॅकर दरवेळी कसे फसतात?

क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) पोटाशी नेतो, दिल्यासारखं करतो, काढून घेतो आणि पास टाकतो. याचं नाव प्ले-अ‍ॅक्शन.

बहुतेकांना वाटतं की हातांचा अभिनय महत्त्वाचा. अभिनय हवाच. क्वार्टरबॅक पाठ फिरवतो, रनिंग बॅक रिकाम्या पोटावर दोन्ही हात आवळून वाकून पळतो. पण प्रश्न ३ मध्ये सांगितलं तसं लाइनबॅकर हात बघतच नसतो. खरी मेहनत लाइनमनची, म्हणजे गार्डसारख्या पुढच्या ओळीतल्या खेळाडूंची, असते. पास टाकणाऱ्याला वाचवायचं असेल तर ते साहजिकच ताठ उभे राहतात आणि त्यांची डोकी वर येतात. प्ले-अ‍ॅक्शनमध्ये त्यांनी पहिली दोन पावलं डोकं खाली ठेवून रनसारखीच टाकायची असतात. एखादा गार्ड जागा सोडून बाजूला पळाला तर खोटं आणखी पक्कं होतं, कारण पास असताना गार्ड असा पळेल हे लाइनबॅकरला पटतच नाही.

आता दरवेळी का फसतात? कबड्डीतली हूल आठवा. चढाई करणारा खांदा टाकतो आणि कोपऱ्यातला बचावपटू हलतो. त्याला माहीत असतं की ही हूल असेल. पण हलला नाही आणि हात खरोखरच आला तर गुण गेला. लाइनबॅकरचंही तसंच. तो थांबून बघत बसला आणि चेंडू खरंच रनिंग बॅककडे असला तर आठ-दहा यार्ड गेले. त्याने दोन पावलं पुढे टाकणं ही चूक नाही, त्याचं काम आहे. प्ले-कॉलर त्या दोन पावलांमागे उघडी पडलेली जागा वापरतो. तिथे बारा-पंधरा यार्डांवर टाइट एंड किंवा रिसीव्हर (दोघेही पास झेलणारे) आडवा पळत येतो.

५. आधी भरपूर रन खेळून ठेवल्याशिवाय प्ले-अ‍ॅक्शन चालत नाही, असं समालोचक म्हणतात. खरं का?

हे मीही अनेक वर्षं खरं मानत होते. आकडेवारी अभ्यासणाऱ्यांनी एनएफएलचे अनेक हंगाम तपासले तेव्हा त्यांना असा संबंध आढळला नाही. कमी रन खेळणाऱ्या, किंवा वाईट रन खेळणाऱ्या संघांचंही प्ले-अ‍ॅक्शन चालतं. कारण प्रश्न ४ मध्येच आहे. लाइनबॅकर त्या सामन्याचा हिशेब मांडून हलत नाही, लहानपणापासून घोटलेल्या सवयीने हलतो.

अपवाद परिस्थितीचा. तिसरा डाउन आहे, पंधरा यार्ड हवेत आणि वेळ संपत आलाय, तेव्हा रनची भीतीच नसते. तिथे खोटं रन दाखवण्यात क्वार्टरबॅकचा वेळ वाया जातो.

६. मग "सेट अप करणं" म्हणतात ते काय? पहिल्या क्वार्टरमधली चाल चौथ्यात कशी उपयोगी पडते?

सेट अप म्हणजे पेरून ठेवणं. समोरच्याला एक दृश्य दाखवायचं, त्यावर तो काय करतो ते टिपायचं आणि मोक्याच्या क्षणी तेच दृश्य दाखवून दुसरंच करायचं.

सॅन फ्रान्सिस्कोचे बिल वॉल्श १९८० च्या दशकात पहिल्या सुमारे २५ चाली सामन्याआधीच लिहून ठेवत. लोकांना वाटतं की ती घोकंपट्टी होती. खरं तर तो शोध होता. वेगवेगळ्या रचना एकामागून एक दाखवायच्या आणि बचाव प्रत्येकीला कसं उत्तर देतो ते वरच्या कक्षात बसलेल्यांनी लिहून घ्यायचं. म्हणून पहिल्या क्वार्टरमधली एखादी चाल दोनच यार्ड मिळवून थांबली तरी ती फुकट गेली असं समजू नका.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलचं, कॅन्सस सिटी विरुद्ध फिलाडेल्फिया. बाहेरचा रिसीव्हर स्नॅपआधी वेगाने आत पळत आला की फिलाडेल्फियाचा बचाव तो पलीकडे जाणार असं धरून त्याला पुढच्या माणसाच्या हवाली करतो, हे कॅन्सस सिटीने हेरलं होतं. अशी पळापळ सगळेच संघ करतात, त्यामुळे त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. चौथ्या क्वार्टरमध्ये, सहा गुणांनी मागे असताना, गोलरेषेपासून पाच यार्डांवर केडेरियस टोनी बाहेरून आत निघाला. त्याच्यावरचा बचावपटू त्याला सोडून देत होता तेवढ्यात टोनी थांबला आणि उलटा बाहेर पळाला. त्याच्या आसपास कोणीही नव्हतं. चेंडू गोलरेषेपार, म्हणजेच टचडाउन. काही मिनिटांनी दुसऱ्या बाजूने, स्काय मूरकडून, तीच कल्पना पुन्हा. पुन्हा कोणी नाही, पुन्हा टचडाउन. सामना कॅन्सस सिटीने ३८–३५ असा जिंकला, म्हणजे यातली एक चाल फसती तरी कदाचित करंडक दुसरीकडे गेला असता.

या चालीत पास जेमतेम चार-पाच यार्डांचा होता आणि कोणालाही अवघड असं काही करावं लागलं नाही. अवघड काम आठवडाभर आधी झालं होतं, अंधाऱ्या खोलीत चित्रफिती बघताना.

७. स्नॅपआधी एखादा खेळाडू इकडून तिकडे का पळतो?

त्याला मोशन म्हणतात. पहिलं कारण माहितीचं. पळणाऱ्याच्या मागे एक बचावपटू मैदानभर पळाला तर बचाव बहुधा माणसामागे माणूस लावून खेळतोय. सगळे जागेवर जरासे सरकले तर जागा वाटून घेतल्या आहेत. क्वार्टरबॅकला हे स्नॅपआधीच कळतं. दुसरं कारण ओढण्याचं. कडेने पळणाऱ्याकडे लाइनबॅकरची नजर क्षणभर वळली तरी मधून रन निघतो. तिसरं कारण प्रश्न ६ मध्ये आलंच आहे.

नियम असा की स्नॅपच्या वेळी एकच जण हलत असू शकतो, तोही आडवा किंवा मागे. चेंडू जिथे ठेवलाय त्या रेषेच्या दिशेने नाही. अनेकांनी जागा बदलल्या तर स्नॅपआधी सगळ्यांनी पूर्ण एक सेकंद स्थिर व्हायचं. टोरंटोहून लिहिणाऱ्यांसाठी: कॅनडाच्या लीगमध्ये हे लागू नाही. तिथे अनेक जण एकाच वेळी आणि रेषेकडे धावत येऊ शकतात, म्हणून तुम्हाला दिसतं ते वेगळं असतं.

८. आरपीओ आणि प्ले-अ‍ॅक्शन एकच का? दोन्ही सारखेच दिसतात.

दिसतात सारखे, पण एक नाहीत. आरपीओ म्हणजे रन-पास ऑप्शन. प्ले-अ‍ॅक्शनमध्ये पास आधीच ठरलेला असतो आणि रन खोटा असतो. आरपीओमध्ये काहीच खोटं नसतं. लाइनमन खरंच रनसाठी ढकलत असतात, रिसीव्हर खरंच पाससाठी पळत असतात आणि क्वार्टरबॅक एका बचावपटूकडे बघून ठरवतो. तो पुढे आला तर त्याच्या मागे पास, थांबला तर रन. टीव्हीवर ओळखायचं असेल तर लाइनमन बघा. पासच्या वेळी एनएफएलमध्ये त्यांना एका यार्डापलीकडे जाता येत नाही, कॉलेजमध्ये तीन यार्ड चालतात. म्हणूनच आरपीओ कॉलेजमध्ये जास्त फोफावला.

९. स्क्रीन आणि ड्रॉ कधी देतात?

बचाव क्वार्टरबॅकवर तुटून पडत असेल तेव्हा. स्क्रीनमध्ये लाइनमन मुद्दाम हरल्यासारखं करून बचावपटूंना आत येऊ देतात आणि त्यांच्या डोक्यावरून छोटा पास देतात. ड्रॉमध्ये पास दाखवून रन काढतात, म्हणजे प्ले-अ‍ॅक्शनच्या उलट. प्रश्न ५ मधला अपवाद ड्रॉसाठी सोयीचा असतो: सगळ्यांना पासची खात्री असते तेव्हाच तो लागतो.

१०. क्वार्टरबॅक स्नॅपआधी एवढं काय ओरडतो? "ओमाहा" म्हणजे काय?

त्यातलं काही खरं असतं आणि पुष्कळसं पोकळ. खरं म्हणजे बचावाची मांडणी पाहून चाल बदलणं, त्याला ऑडिबल म्हणतात. पोकळ शब्द यासाठी की खरा कुठला ते समोरच्याला कळू नये. पेटन मॅनिंगचा "ओमाहा" असाच गाजला. असा शब्द एका आठवड्यात काहीतरी सांगतो, पुढच्या आठवड्यात काहीच नाही.

आवाजाच्या चढउतारानेही फसवता येतं. ॲरन रॉजर्स यात पटाईत होता. तो स्नॅपचा पुकारा अचानक असा जोरात द्यायचा की बचावपटू रेषा ओलांडून पुढे यायचा. दंड बचावाला, आणि खेळ चालूच राहिला तर रॉजर्सला बिनधोक लांब पास टाकायची संधी. मात्र आवाज चालतो, अंग नाही. क्वार्टरबॅकने डोकं किंवा खांदे झटकून समोरच्याला दचकवलं तर दंड त्यालाच.

११. ट्रिक प्ले एवढे मजेदार असतात, मग रोज का नाही खेळत?

कारण ते एकदाच लागतात, आणि चुकले तर पंधरा यार्ड मागे. शिवाय त्यांचं यशही वरकरणी दिसतं त्यापेक्षा साध्या गोष्टीत असतं.

४ फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल, फिलाडेल्फिया विरुद्ध न्यू इंग्लंड. मध्यंतराला अर्धं मिनिट, चौथा डाउन, गोलरेषा यार्डभर दूर. क्वार्टरबॅक निक फोल्स काहीतरी सांगायला जातोय असं दाखवत उजवीकडे टॅकल या लाइनमनच्या मागे गेला आणि तिथेच थांबला. चेंडू थेट रनिंग बॅक कोरी क्लेमंटकडे आला, त्याने तो उलट दिशेने येणाऱ्या टाइट एंड ट्रे बर्टनला दिला आणि बर्टनने एकट्या पळणाऱ्या फोल्सला पास टाकला. टचडाउन. बर्टन कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकही खेळला होता, म्हणून हे काम त्याला दिलं. मला चालीपेक्षा फोल्सचं ते कंटाळल्यासारखं चालणं जास्त आवडतं. क्वार्टरबॅक लाइनशी बोलायला रोजच जातात, ते बघून कोणी सावध होत नाही. त्याच क्वार्टरमध्ये न्यू इंग्लंडनेही आपल्या क्वार्टरबॅककडे, टॉम ब्रेडीकडे, पास टाकून पाहिला होता. तो त्याच्या हातातून सुटला. सामना फिलाडेल्फियाने ४१–३३ जिंकला.

कॉलेजमधलं उदाहरण बॉइसी स्टेटचं. १ जानेवारी २००७ च्या फिएस्टा बोलमध्ये बलाढ्य ओक्लाहोमाविरुद्ध जादा वेळेत त्यांनी टचडाउननंतरच्या दोन गुणांसाठी क्वार्टरबॅकला उजव्या हाताने पास टाकल्याचं सोंग करायला लावलं, चेंडू मात्र डाव्या हाताने पाठीमागून रनिंग बॅककडे गेला. बॉइसी स्टेट ४३–४२ जिंकलं.

१२. बचाव नुसता फसतोच का? तो उलटा चकवा देत नाही?

देतो, आणि अलीकडे फार चांगला देतो. दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोलवर उभे दिसतात, स्नॅप होताच एक पुढे धावतो आणि क्वार्टरबॅकने स्नॅपआधी वाचलेलं चित्र खोटं ठरतं. सहा जण तुटून पडणार असं भासवून चारच येतात, आणि तेही अनपेक्षित चार. डिक लेबो यांनी घडवलेल्या झोन ब्लिट्झमध्ये तर पुढचा अवजड लाइनमन मागे सरकून पासच्या वाटेत उभा राहतो. स्पीकर १५ सेकंदांना बंद होतो हे बचावालाही माहीत असतं (प्रश्न २), त्यामुळे खरी मांडणी त्यानंतरच उघड करण्याचा प्रयत्न असतो. हडल (चाल ऐकायला घोळका) न करता भराभर खेळणारे संघ हेच सोंग मोडायला घाई करतात. मात्र आक्रमणाने खेळाडू बदलला तर बचावालाही बदलायला वेळ द्यावा लागतो.

पेरलेलं उलटतंही. १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये सिएटलला जिंकायला एक यार्ड हवा होता. रनची अपेक्षा असताना त्यांनी पास दिला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने उजवीकडे एकामागे एक उभे असलेले दोन रिसीव्हर पाहिले आणि त्याला सराव आठवला. त्या आठवड्यात याच चालीवर तो हरला होता. या वेळी तो आधीच झेपावला आणि चेंडू पकडला. सिएटलच्या निर्णयावर अजून टीका होते. मला ती एकांगी वाटते, कारण त्यात बटलरचं श्रेय हरवतं.

१३. फसवणुकीला मर्यादा आहेत का? काय केलं तर नियमबाह्य?

आहेत, आणि बहुतेक नियम कोणीतरी आधी फसवल्यावरच झाले. १९०३ मध्ये कार्लाइल इंडियन स्कूलने हार्वर्डविरुद्ध चेंडू एका खेळाडूच्या जर्सीत पाठीवर खुपसला आणि तो बिनविरोध पळत गेला. तरी हार्वर्ड १२–११ जिंकलं. आज हे चालत नाही. नेब्रास्काने १९८४ च्या ऑरेंज बोलमध्ये चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवला आणि गार्डने तो उचलून टचडाउन केला. पुढे कॉलेजच्या नियमांत तीही चाल बंद झाली.

एनएफएलमधलं गाजलेलं प्रकरण जानेवारी २०१५ चं, न्यू इंग्लंड विरुद्ध बाल्टिमोर. पास घेऊ शकणाऱ्या क्रमांकाचा खेळाडू पंचांना कळवून अपात्र होई आणि तरीही बाहेर रिसीव्हरसारखा उभा राही. बचाव त्याच्यावर माणूस लावे, खरा पात्र खेळाडू आत मोकळा सुटे. ते तेव्हा कायदेशीर होतं, बाल्टिमोरचे प्रशिक्षक संतापून मैदानात आले आणि दंड त्यांनाच झाला. त्याच वर्षी नियम बदलला: असा खेळाडू आता लाइनच्या आतच उभा राहायला हवा.

खोटा स्पाइक मात्र चालतो. १९९४ मध्ये मायामीच्या डॅन मरीनोने घड्याळ थांबवायला चेंडू आपटणार असं ओरडून दाखवलं आणि न्यूयॉर्कच्या जेट्सविरुद्ध विजयी टचडाउन टाकला.

१४. समोरच्याचे इशारे चोरणं चालतं का?

डोळ्यांनी बघून ओळखलेत तर एनएफएलमध्ये गुन्हा नाही. कॅमेऱ्याने टिपणं वेगळं. २००७ मध्ये न्यू इंग्लंडने जेट्सच्या बचावाचे इशारे चित्रित केल्याबद्दल प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना ५ लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला, नवे खेळाडू निवडण्याची पहिल्या फेरीतली संधीही गेली. बचावाला रेडिओ मिळाला तो पुढच्याच वर्षी.

१५. टीव्हीवर हे सगळं दिसत नाही. मी नेमकं काय बघू?

मीही सुरुवातीला फक्त चेंडू बघायचे आणि चेंडू हरवला की कॅमेऱ्यामागे जायचे. मग एका सामन्यात ठरवून फक्त डावा गार्ड बघितला. पहिले दहा-बारा स्नॅप काही कळलं नाही. नंतर तो कधी उठतो, कधी वाकतो हे दिसायला लागलं आणि चेंडू कुठे जाणार हे समालोचकाआधी कळू लागलं. तुम्ही एक क्वार्टर तेवढंच करा. भारतातून बघणार असाल तर रविवारी रात्री साडेदहाचा सामना घ्या. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की तोच साडेअकराला सुरू होतो. आणि एखाद्या स्नॅपला गार्डने तुम्हालाही फसवलं, तुम्ही रन म्हणालात आणि चेंडू लाइनबॅकरच्या डोक्यावरून गेला, तर तो कुठल्या डाउनला होता ते लिहून ठेवा आणि मला पाठवा.